भिंतीचा ताप

वीज गेली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पंखा मंदावत मंदावत थांबला आणि त्याच्या घरघरीखाली दडपलेली शांतता एकाएकी खोलीभर पसरली. त्या शांततेनंच मला जाग आली. शेजारच्या पलंगावर आई आधीच उठून बसली होती. बंद काचेतून येणाऱ्या चांदण्यात तिचा हात दिसला. तळवा भिंतीला सपाट लावलेला, लहानपणी आमच्या कपाळाला लावायची तसा. "अगं, हिला ताप आलाय," ती म्हणाली. मी दचकून विचारलं, "कुणाला?" "भिंतीला." सुरात तक्रार नव्हती. आजारी माणसाजवळ बसून बोलतात तसा तिचा आवाज होता. मग तिनं उशी उचलली, पलंगाच्या पायथ्याकडच्या बाजूला ठेवली आणि भिंतीपासून जमेल तितकी लांब सरकून ती पुन्हा आडवी झाली.

मीही हात लावून पाहिला. भिंत खरंच गरम होती. उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखी चटका देणारी नव्हे. तिच्यात खोलवर कुठेतरी ऊब होती आणि ती सावकाश हातात उतरत होती. जिवंत शरीरासारखी. मी उठून बाल्कनीत गेले तर बाहेर छान गार हवा. कुंडीतल्या पानांना हात लावला, तीही गार. बाल्कनीतला थर्मामीटर २७ दाखवत होता आणि आतला ३३. सूर्य मावळून सहा-साडेसहा तास उलटून गेले होते. बाहेरचं जग निवून झोपलं होतं आणि आमची पश्चिमेची भिंत मात्र मध्यरात्री तापात फणफणत होती. आईला ही खोली मी मुद्दाम दिली होती, कारण या खोलीच्या खिडकीतून मावळतीचं आकाश दिसतं. घरातली सगळ्यात चांगली खोली तिला दिली, याचं मला मनातून समाधान होतं. त्या रात्री ते समाधान गेलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीवरचा तिचा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

दुपारी चार-पाचला पश्चिमेचं ऊन या भिंतीवर सरळ येतं. बाहेरचा गिलावा तेव्हा इतका तापतो की हात ठेववत नाही. पण तेव्हा आतून भिंतीला हात लावला तर ती तेवढी गरम लागत नाही. उष्णता भिंतीतून चालत येते, आणि विटेतून ती फार सावकाश चालते. दिवस-रात्रीच्या चढउताराची लाट विटकामातून तासाला साधारण तीन सेंटिमीटर या गतीनं पुढे सरकते. आमची भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर, वर दोन्ही बाजूंचा गिलावा. हिशोब केला तेव्हा आकडा आठ तासांच्या आसपास आला. दुपारी पाचला निघालेला उन्हाचा कळस रात्री एकला आईच्या उशाशी पोचत होता. इतका वक्तशीर. डोक्यावरचा गच्चीचा स्लॅब पंधरा सेंटिमीटरचा, आणि काँक्रीटमधून लाट थोडी भरभर चालते. तो संध्याकाळी साडेपाच-सहापासूनच खाली उष्णता सोडू लागतो. म्हणजे संध्याकाळी छत, मध्यरात्री भिंत. दोघांनी जणू पाळ्या वाटून घेतल्या होत्या, आणि त्या दोन्ही पाळ्यांच्या मधे एक सत्तरी ओलांडलेली बाई झोपायचा प्रयत्न करत होती.

स्थापत्यवाले याला थर्मल मास म्हणतात. मराठी पुस्तकांत औष्णिक वस्तुमान असा शब्द सापडतो. बरोबरच आहे, पण घरात वावरणाऱ्या माणसाच्या तोंडी तो बसत नाही. मला आपला साधा शब्द बरा वाटतो: जडपण. घराचं जडपण. दगड, वीट, माती, काँक्रीट, जे जे म्हणून जड आहे ते उष्णता पोटात घेतं आणि उशिरानं परत देतं. किती घेतं, हे मी आईच्या खोलीपुरतं कागदावर मांडून पाहिलं. खोली तीन बाय चार मीटरची, उंची तीन मीटर. आतल्या हवेचं वजन जेमतेम ४३ किलो. एवढ्या हवेचं तापमान एक अंशानं वाढवायला साधारण ४३ किलोज्यूल पुरतात. आणि भिंतींची आतल्या बाजूची दहा-दहा सेंटिमीटर जाडी आणि वरचा स्लॅब एवढंच धरलं, तरी ते एक अंशानं तापवायला दहा हजार किलोज्यूल लागतात. दोनशेपटीहून जास्त. हा आकडा पाहून मी बराच वेळ बसून राहिले. खोली गार आहे की गरम, हे आपण हवेवरून ठरवतो, आणि हवेची तर तिथे काहीच सत्ता नाही. खोली म्हणजे तिच्या भिंती. हवा त्यांच्यामधून जाणारी पाहुणी.

एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत पुन्हा उकडायला लागतं, त्याचंही कोडं तिथेच सुटलं. मशीन पाहुणीला गार करत होतं. घरमालक तसाच तापलेला होता.

लहानपणच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन फुटी होत्या. दगड आणि माती, वरून गुळगुळीत सारवल्यासारखा गिलावा, कोपऱ्यांत बोटं फिरवून फिरवून गोल झालेला. खिडक्या लहान आणि खोल. त्या खोलपणात मी पाय दुमडून बसू शकायची. उन्हाळ्यातल्या दुपारी बाहेरून धावत आत शिरलं की आधी काही दिसायचं नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत फक्त जाणवायचं. पायांखालची फरशी, तिचा गारवा तळव्यांतून पोटऱ्यांत चढत जायचा. भिंतीला गाल लावला की मातीचा, किंचित ओलसर, जुन्या कपाटासारखा वास यायचा. मी भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची आणि घाम वाळताना पाठीवरून काहीतरी शांतपणे ओढून घेतलं जातंय असं वाटायचं. ते वाटणं खोटं नव्हतं, हे आता कळतं. आपलं शरीर जवळच्या भिंतींशी न बोलता देवाणघेवाण करत असतं. त्वचेचं तापमान चौतीसच्या आसपास. भिंत त्याहून गार असेल तर शरीरातली उष्णता प्रारणानं, म्हणजे स्पर्शाशिवाय, किरणांच्या रूपात तिच्याकडे जाते. भिंत त्याहून गरम असेल तर उलट तीच आपल्याला देऊ लागते. संथ हवेत आपल्याला जी गरमी वाटते तिच्यात हवेचा वाटा साधारण निम्मा, उरलेला निम्मा सभोवतालच्या पृष्ठभागांचा. म्हणून दोन खोल्यांत थर्मामीटर सारखाच आकडा दाखवत असला तरी एकीत जीव निवतो आणि दुसरीत घुसमटतो.

पण त्या घराबद्दल माझ्या मनात नुसती माया नाही. ते अंधारं होतं. हिवाळ्यात सकाळी त्याच भिंती अंगातली ऊब शोषून घ्यायच्या आणि ऊन बाहेर लख्ख पडलेलं असताना आत आम्ही काकडत असायचो. पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरायची. आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो आईच्या खिडक्यांचा. सकाळी आठ-साडेआठ वाजले की ती घरभर फिरून एकेक खिडकी बंद करायची. लाकडी झडपा ओढायची, कड्या लावायची, दाराला पडदा. दहा वाजता घरात दिवा लावावा असा काळोख. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा यावरून तिच्याशी वाद घातलेले आठवतात. "आई, तू जगाला घाबरतेस. उजेड येऊ दे, हवा येऊ दे." मी खिडकी उघडायची, ती काही न बोलता थोड्या वेळानं येऊन बंद करायची. तिला कारण विचारलं तर म्हणायची, "वारा गरम आहे." मला ते कारण वाटायचंच नाही. वारा तो वारा. खिडक्या बंद करून बसणाऱ्या बायकांच्या आयुष्याबद्दल मी तेव्हा मनात बरेच निष्कर्ष काढले होते, आणि त्यातला एकही तिला विचारून काढलेला नव्हता.

स्वतःचं घर घेतलं तेव्हा मोठ्या काचा, भरपूर उजेड, दिवसभर उघड्या खिडक्या. रात्री मात्र डास, आवाज आणि एकटीनं राहण्याची भीती यांपायी सगळं बंद. वर्षानुवर्षं मी दिवसभर तापलेली हवा आत घेऊन भिंतींना पाजत होते, आणि त्यांनी ती बाहेर टाकायची वेळ आली की दारं लावून घेत होते.

हे जडपण नेमकं काय करतं यावर खूप अभ्यास झाला आहे, आणि त्यातला एक प्रयोग मला फार जवळचा वाटला. इजिप्तमध्ये हसन फथी हे वास्तुविशारद आयुष्यभर मातीच्या विटांनी बांधण्याचा आग्रह धरत राहिले. १९६४ साली कैरोत दोन खोल्या शेजारी शेजारी बांधून मोजल्या गेल्या. एक मातीच्या विटांची, ५० सेंटिमीटर जाड भिंतींची. दुसरी कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या १० सेंटिमीटर जाड पट्ट्यांची. महिना मार्चचा होता. मातीच्या खोलीतलं तापमान चोवीस तासांत २१ ते २३ अंश एवढंच हललं. काँक्रीटची खोली ३६ पर्यंत चढली, बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंशांनी जास्त. मी हे वाचलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची होते तीच झाली, माती चांगली आणि काँक्रीट वाईट. मग लक्षात आलं की काँक्रीटही जडच आहे, मातीपेक्षा जड. फरक जाडीचा होता. दहा सेंटिमीटरच्या भिंतीतून लाट तीन तासांत आरपार जाते, आणि जाताना तिचा जोर फारसा कमी होत नाही. पन्नास सेंटिमीटरमधून ती जायला निघते खरी, पण वाटेतच विरून जाते.

हे विरणं पहिल्यांदा गणितात मांडलं ते फूरिये या फ्रेंच गणितज्ञानं, १८२२ साली छापलेल्या त्याच्या उष्णतेवरच्या ग्रंथात. लाट जितकी आत जाते तितकी ती उशिरा पोचते आणि तितकीच क्षीण होते. उशीर आणि क्षीणपणा एकमेकांना बांधलेले असतात. विटेच्या भिंतीत साधारण ३६ सेंटिमीटरवर उशीर बारा तासांचा होतो. तिथे भिंतीच्या आतली मध्यरात्र ही बाहेरची दुपार असते. पण तोवर लाटेचा विसाव्या भागाहून कमी अंश शिल्लक राहिलेला असतो. दिवसाची लाट वितीएवढ्या अंतरात अशी दमते. वर्षाची लाट मात्र कितीतरी खोल जाते. जेम्स फोर्ब्स या शास्त्रज्ञानं १८३७ साली एडिंबरोच्या कॉल्टन टेकडीवर खडकात वेगवेगळ्या खोलीवर लांबलचक थर्मामीटर पुरले होते. त्यातला सगळ्यात खोल २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे पावणेआठ मीटरवर. तिथे उन्हाळ्याचा कळस पोचायचा तो नवीन वर्षाच्या सुमाराला, वर बर्फ पडायच्या दिवसांत. आणि त्याही खाली, पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटरवर जे तळघर आहे तिथे तापमान वर्षभर बाराच्या आसपास जणू हलतच नाही. ऋतू तिथे पोचतच नाहीत. मला ही कल्पना वाचताना अंगावर काटा आला होता. आपण ज्याला आज म्हणतो तो फक्त पृष्ठभागावर असतो.

या सगळ्यातून एक गोष्ट मला उशिरा उमगली, आणि ती कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. जड भिंत गारवा तयार करत नाही. ती सरासरी बदलत नाही, फक्त चढ आणि उतार जवळ आणते. दिवस ४० आणि रात्र २४ असेल तर ती तुम्हाला मधे कुठेतरी धरून ठेवते. त्या मधल्या आकड्याच्या खाली घराला न्यायचं असेल तर दोनच मार्ग. ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, आणि रात्रीची गार हवा घरातून भरपूर खेळवायची, म्हणजे भिंतींच्या पोटात साठलेलं ती घेऊन जाईल. आणि भरपूर म्हणजे किती, हेही मी मोजून पाहिलं. बाहेरची हवा भिंतींपेक्षा पाच अंशांनी गार असेल, तर आईच्या खोलीच्या भिंती आणि छत एक अंशानं उतरवायला निदान पंचेचाळीस खोल्या भरतील इतकी हवा त्या एका खोलीतून जावी लागते. एकाच बाजूची खिडकी किलकिली करून तासभर ठेवली तर काही होत नाही. पाहुणी गार होते, घरमालकाला पत्ताही लागत नाही. समोरासमोर दोन वाटा हव्यात, एक शिरायला आणि एक निघायला, आणि त्या रात्रभर उघड्या हव्यात. हवा भिंतीला घासून वाहिली पाहिजे. संथ हवेत भिंत फार कंजूषपणे देते. स्लॅबखाली पीओपीचं छत ठोकलं तर वाराही त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि त्याचा गारवाही आपल्यापर्यंत. मधल्या मजल्यावरच्या घरांत हे पाहिलं की मला वाईट वाटतं. तिथे स्लॅबवर ऊन नसतं. तो खोलीतला सगळ्यात मोठा गारव्याचा साठा होऊ शकला असता.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटीच जुन्या घरी गेले होते, कागदपत्रं आणायला. घर वर्षभर बंद होतं. दुपारची वेळ. कुलूप उघडताना तो गारवा आठवून माझं अंग आधीच सैलावलं होतं. दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं, तर आत उन्हाची तलखी नव्हती इतकंच. गारवा नव्हता. कोंदट, शिळी, जड अशी हवा होती आणि भिंतीला गाल लावला तर ती कोमट लागली. मला क्षणभर कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. तेच दगड, तीच माती, तीच दोन फूट जाडी. वरून पत्र्यावर ऊन रोज पडत होतंच, दिवसामागून दिवस थोडं थोडं आत मुरत होतं, आणि ते बाहेर काढणारं कुणी नव्हतं.

मग आठवलं.

पहाटे तीन-साडेतीनला कधी जाग आली की कड्यांचा आवाज यायचा. एक, मग दुसरी, मग मागच्या दाराची. अंधारात आई घरभर फिरत असायची. मला वाटायचं तिला झोप येत नाही. वय झालं की झोप कमी होते म्हणतात. पण ती तेव्हा चाळिशीतही नव्हती. ती खिडक्या उघडत होती. माजघराची, मग पोटमाळ्याच्या झरोक्याची झडप, मग मागचं दार. खालून गार हवा शिरायची आणि साचलेली गरम हवा वरच्या झरोक्यातून निघून जायची. मग सकाळी ऊन चढायच्या आत ती सगळं मिटून घ्यायची, आणि आम्ही दुपारी शाळेतून येऊन त्या गारव्यात पाठ टेकायचो आणि म्हणायचो, घर किती छान आहे. घर छान होतंच. पण तो गारवा दगडाचा एकट्याचा नव्हता. त्यात रोज रात्री तिची तासाभराची मोडलेली झोप होती. बंद घरात उभी राहून मी माजघराच्या खिडकीची कडी काढली. गंजली होती. उघडायला जोर लावावा लागला आणि उघडल्यावर बाहेरून गरम वाऱ्याचा झोत तोंडावर आला. मी ती पुन्हा लावून घेतली. वारा गरम होता.

जडपणाचं कौतुक करताना मला एक भीतीही वाटते, ती इथे लिहायलाच हवी. ही सगळी व्यवस्था रात्रीवर उभी आहे. रात्र निवली नाही तर भिंती रिकाम्या होणार कशा? समुद्रकाठी दमट हवेत दिवस-रात्रीत चार-पाच अंशांचाच फरक असतो. तिथे जाड भिंतीचा उपयोग फारसा होत नाही, उलट हलकं, चहूबाजूंनी उघडं, सावलीतलं घर सुखाचं. आणि जिथे रात्री गार व्हायच्या तिथेही आता लागोपाठ अशा रात्री येतात की पहाटेपर्यंत पारा उतरत नाही. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेत सत्तर हजारांहून अधिक माणसं गेली, असा अंदाज आहे. पॅरिसमध्ये तेव्हा एका रात्री किमान तापमान २५ अंशांच्याही वर राहिलं. नंतरच्या पाहण्यांत दिसलं की छपरालगतच्या खोल्यांत झोपणाऱ्या वृद्धांना धोका जास्त होता. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. छपरालगतची खोली, वृद्ध माणूस, बंद खिडक्या. ज्या भिंतीनं उन्हाळ्याचे पहिले चार दिवस सांभाळून घेतलेलं असतं, तीच पाचव्या दिवसापासून आपण घेतलेलं परत करू लागते, आणि लाट ओसरल्यावरही दोन-तीन दिवस देत राहते. तिच्यात दुष्टावा नाही आणि दयाही नाही. ती फक्त उशिरा वागते.

वारुळाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेमध्ये, ईस्टगेट नावाची मोठी इमारत १९९६ साली उभी राहिली. मिक पिअर्स या वास्तुविशारदानं ती वाळवीच्या वारुळावरून स्फुरल्याचं सांगितलं. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवरचं शहर, त्यामुळे रात्री चांगल्या गार. रात्री पंख्यांनी ती हवा काँक्रीटच्या पोकळ तळांमधून खेळवायची आणि दिवसा त्याच काँक्रीटवरून आतली हवा घ्यायची, अशी योजना. तेव्हा समजूत अशी होती की वाळवी छिद्रं उघडून-मिटून वारुळात वारा खेळवते आणि तापमान राखते. पुढे जीवशास्त्रज्ञांनी वारुळांत मापनं केली तेव्हा चित्र वेगळं निघालं. वर दिसणारा मनोरा श्वासासाठी, हवा बदलण्यासाठी असतो. खालच्या वसाहतीचं तापमान स्थिर राहतं ते मुख्यतः भोवतालच्या मातीमुळे, आणि ते ऋतूंप्रमाणे सावकाश बदलतंही. इमारत चुकीच्या समजुतीवर उभी राहूनही चांगली चालली, याचं मला नवल वाटत नाही. तिच्यातलं काँक्रीट आपलं काम बरोबर करत होतं. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की वाळवीनं घर मातीत खोल नेलं आणि उन्हाळा वरच्या वर राहू दिला.

आता आमच्या खोलीत काही बदल केले आहेत. गच्चीवर पांढरा थर दिला. पश्चिमेच्या भिंतीसमोर, बाहेरच्या बाजूला, वेल चढवायला जाळी उभी केली. वेल अजून गुडघ्याएवढाच आहे, म्हणून तोवर तिथे जाड कापड बांधलंय. आतला पडदा पुरत नाही, हे मला शिकावं लागलं. ऊन काचेतून आत आलं की ते आतच राहतं, मग पडदा कितीही जाड असो. खिडक्यांना डासांची जाळी बसवली, दाराला मजबूत गजाचं दुसरं दार. दिवसा सगळं बंद. पहिल्या आठवड्यात मला त्या अंधारात गुदमरल्यासारखं झालं, आणि अजूनही कधी कधी होतं. उजेड मला हवाच असतो. उत्तरेची एक खिडकी मी पडदा न लावता ठेवते, आई त्याला काही म्हणत नाही.

रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडायचं, एवढा साधा नियम. कधी नऊला, कधी अकराला. पण वाऱ्याचं काही सांगता येत नाही, म्हणून मी दोनचा गजर लावते आणि उठून समोरचं दार नीट उघडं आहे ना, वाट कुठे अडली नाही ना, ते पाहून येते. उठायला जड जातं. डोळे उघडत नाहीत, फरशीवर पाय टाकताना तोल जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर पेंग येते. हे मी दोन महिने केलं आणि थकले. तिनं किती वर्षं केलं, ते मी मोजलेलं नाही. एकदा तिला विचारलं, "तू कधी सांगितलं का नाहीस, रात्री उठतेस म्हणून?" ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं? तुमची झोप मोडली असती."

काल रात्री गजर व्हायच्या आधीच मला जाग आली. पंखा चालू होता, बाहेर झाडं हलत होती आणि जाळीतून येणारा वारा पायांवरून जात होता. समोरच्या दाराची कडी कुणीतरी काढल्याचा आवाज आला. मी उठले नाही. थोड्या वेळानं आई आत आली, पलंगाशी वाकली, आणि तिनं भिंतीला हात लावला. एकदा तळवा, मग उलटा हात. तिची उशी पुन्हा भिंतीकडे होती.

"उतरला का?" मी विचारलं.

ती जरा वेळ तशीच उभी राहिली.

"आहे अजून थोडा," ती म्हणाली. "राहू दे उघडं."